लॅपटॉपचं सवणं

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना छतात एक भोक ठेवलेलं असायचं. त्याला सवणं म्हणत. त्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर, चुलीची धग वर निघून जायची. पावसाची सर आली की कुणीतरी वर जाऊन सवणं झाकायचं, आणि थोड्याच वेळात घर धुराने भरून जायचं. चूल तीच, सरपण तेवढंच, स्वयंपाकही रोजचाच. बदललेली असायची ती फक्त बाहेर पडायची वाट. उन्हाळ्यात लॅपटॉप तापतो, पंखा घरघरायला लागतो, मशीन मंदावतं किंवा मध्येच बंद पडतं, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : याला थंड कसं करायचं? मग कुणी पंख्याचं स्टँड मागवतं, कुणी कूलरसमोर ठेवतं, कुणी खाली ओला फडका घालतं. मला वाटतं, इथे प्रश्नच थोडा चुकतो. लॅपटॉपमध्ये थंडावा भरता येत नाही. त्यात तयार झालेली उष्णता बाहेर जाऊ देता येते, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून विचारायचं ते हे, की उष्णता नेमकी कुठे अडली आहे. ते शोधण्याआधी केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो, आणि ते सापडलं की पुढचा उपाय सहसा फार महाग नसतो.

मुळात एवढी उष्णता येते कुठून? मिक्सरला वीज दिली की तो वाटण वाटून देतो, पंपाला दिली की पाणी वर चढतं. लॅपटॉपचं काम म्हणजे आकडेमोड. आकडेमोडीत वीज कुठे साठून राहत नाही. थोडासा उजेड आणि थोडासा आवाज सोडला तर आत गेलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णताच होते. साधा पातळ लॅपटॉप भरात असताना २५-३० वॅट घेतो, गेम खेळण्यासाठी किंवा व्हिडिओ संपादनासाठी घेतलेला भारी लॅपटॉप १०० वॅटच्याही पुढे जातो. आकडा ऐकायला लहान वाटतो, कारण जुना पिवळा बल्बही ६० वॅटचा असायचा. पण बल्बची धग सगळ्या काचेवर पसरलेली असते. लॅपटॉपमध्ये तिचा मोठा वाटा प्रोसेसर नावाच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपवर एकवटलेला असतो. हिशेब करून पाहा : १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट येतात. दीड चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून ३५ वॅट निघाले, तर तोच आकडा २३ च्या वर जातो. म्हणजे तापलेल्या इस्त्रीच्या चौपटीहून दाट धग, आणि तीही कपड्यावर क्षणभर फिरणारी नव्हे, तर तासन्‌तास एका जागी बसलेली. अशा ठिकाणी ‘तापणं’ हा बिघाड नाही, तो यंत्राचा स्वभाव आहे. बिघाड म्हणायचा तो वाट तुंबण्याला.

ही वाट समजून घेण्यासारखी आहे. चिपच्या पाठीवर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खाचांनी भरलेले असतात, आणि त्या खाचांत हवा अडकते. तांबं उष्णता वाहून नेतं ते हवेच्या सुमारे १५ हजार पट चांगलं. त्यामुळे केसाहून पातळ असा हवेचा थरही इथे भिंतीसारखा आडवा येतो. ती हवा हाकलण्यासाठी दोघांच्या मध्ये राखाडी मलमासारखी थर्मल पेस्ट लावतात. पट्टीवरून चपटी तांब्याची नळी निघते, आणि या नळीत खरी करामत आहे. ती भरीव नसते. आतली हवा काढून टाकून तिच्यात अगदी थोडं पाणी बंद केलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे हे पाणी उकळायला १०० अंशांची वाट पाहत नाही. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ नळीच्या गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, वातीत तेल चढावं तसं, पाणी परत चिपकडे येतं. माठातलं पाणी गार का होतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे : झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात पाच ग्रॅमहून जास्त पाणी बर्फाच्या थंडीपासून उकळीपर्यंत नेता येतं. लॅपटॉपमधली नळी हा त्याच तत्त्वावर चालणारा, तोंड बंद केलेला माठ आहे. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही युक्ती प्रत्यक्षात आणली. नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते, जाळीला खेटून छोटा पंखा असतो, आणि तो तळातून हवा ओढून जाळीतून बाजूने किंवा मागून बाहेर फेकतो. चिप, पेस्ट, नळी, जाळी, पंखा आणि शेवटी खोलीतली हवा : यातलं जे दार सर्वांत अरुंद, तेवढीच सगळ्या वाटेची ताकद. एक दार तुंबलेलं असताना बाकीची कितीही मोठी केली तरी उपयोग होत नाही, आणि लॅपटॉप थंड करण्याचे बरेच विकतचे उपाय इथेच फसतात.

व्यवहारात सगळ्यात जास्त तुंबतं ते जाळीचं दार. दोन-तीन वर्षं वापरलेला, कधीही न उघडलेला लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर उघडला की जे दिसतं ते एकदा तरी पाहावं. तळाचं झाकण निघालं की पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेला धुळीची करडी किनार दिसते. पण खरी गोष्ट वरून दिसत नाही. पंख्याचं कवच काढलं की पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत एक घोंगडीचा तुकडा सापडतो. खरोखरच घोंगडीसारखा : गोधडीचे, चादरीचे तंतू, केस, घरातली धूळ, आणि स्वयंपाकघराजवळ काम होत असेल तर फोडणीच्या वाफेचा चिकटपणा, असं सगळं दाबून-दाबून जमलेलं. चिमट्याने एक टोक धरलं की तो पट्टीसारखा सलग निघून येतो. पंखा बाहेरून हवा ओढतो आणि ती जाळीवर फेकतो. पत्र्यांमधली फट जेमतेम एक मिलिमीटरची. त्यामुळे धूळ जाळीच्या आतल्या तोंडाशीच अडकते. बाहेरच्या भोकांवरून कितीही ब्रश फिरवला तरी तो या घोंगडीपर्यंत पोचत नाही, आणि लोक ‘साफ केला तरी तापतो’ म्हणतात ते यामुळेच. याचा परिणाम शाळेतल्या विज्ञानानेही काढता येतो. पंख्याने दर सेकंदाला दोन लिटर हवा फेकली आणि तिला ४० वॅट वाहून न्यायचे असले, तर ती हवा आत आली त्यापेक्षा सुमारे १७ अंशांनी गरम होऊन बाहेर पडेल. घोंगडीमुळे हवा निम्मी झाली, तर तीच वाढ ३३ अंशांवर जाते, आणि जाळीपासून चिपपर्यंतचं सगळंच त्या मानाने वर सरकतं.

कुठलं दार तुंबलं आहे, हे ओळखायला बऱ्याचदा तळहात पुरतो. लॅपटॉपला अर्धा तास जड काम द्यावं आणि हवा बाहेर पडते तिथे हात धरावा. पंख्याचा आवाज मोठा, हवा मात्र फुंकरीएवढी आणि पाठ चांगली तापलेली, असं असेल तर जाळी तुंबली आहे. आवाज मोठा, हवाही भरपूर, पण ती कोमटच, आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र चिप ९५ अंशांवर असल्याचं सांगतंय, असं असेल तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. संशय पेस्टवर घ्यावा. पेस्ट तीन-चार वर्षांत सुकते, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने चिपच्या मधून हळूहळू कडेला सरकते. हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल तर वाट मोकळी आहे. मग काम जास्त आहे का, हे पाहायचं. आणि पंख्याचा आवाजच येत नसेल तर पंखा गेला आहे, किंवा तो लॅपटॉप बिनपंख्याचा आहे. असे लॅपटॉप आता बरेच आहेत, उदाहरणार्थ २०२० च्या अखेरीपासूनचे अॅपलचे मॅकबुक एअर. त्यांची चिप कमी वीज खाते आणि धातूचं सगळं अंगच जाळीचं काम करतं. त्यांना साफ करायला जाळी नसते, पण त्यांचं अंग गोधडीत गुंडाळलं तर त्यांचंही सवणं बंद होतं.

गोधडीवरून आठवण करून द्यायला हवी ती गादीची. आपल्याकडे अनेक घरांत अभ्यासाचं वेगळं टेबल नसतं. लॅपटॉप पलंगावर, उशीवर, मांडीवर चालतो, आणि त्यात वापरणाऱ्याचा दोष नाही, घराच्या आकाराचा आहे. पण बहुतेक लॅपटॉप तळातून श्वास घेतात. तळाच्या रबरी पायांची उंची काही मिलिमीटरच असते, आणि ती कडक, सपाट जागेसाठी ठरवलेली असते. गादीत ते पाय रुततात, कापूस भोकांवर चढतो, आणि वरून कापूस म्हणजे उष्णता अडवणारं साहित्य; म्हणून तर तो रजईत भरतात. तंतूही तिथूनच आत जातात. याला महागडं स्टँड लागत नाही. जेवायला बसायचा लाकडी पाट गादीवर ठेवला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला की काम होतं. मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं सरकवली तर आणखी बरं. मांडीवर थेट ठेवू नये याला दुसरंही कारण आहे. तापलेला तळ भाजण्याइतका गरम नसला तरी महिनोन्‌महिने त्याच जागी टेकला तर त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका १२ वर्षांच्या मुलाची अशी नोंद प्रसिद्ध केली. तो रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन गेम खेळत असे आणि डाग एकाच मांडीवर होते. वैद्यकशास्त्राला हा विकार शेगडीमुळे जुनाच माहीत आहे. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांच्या त्वचेवर असे डाग पडतात, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तिथे कर्करोग झाल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. लॅपटॉपची बरोबरी कांगडीशी करायची नाही, पण मंद धगही कातडीला लागते, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, आजचे प्रोसेसर स्वतःला सांभाळतात. बऱ्याच चिपांची मर्यादाच १०० अंशांच्या आसपास आहे, ९० ला पोचलं म्हणून घाबरायचं काय? हे खरंच आहे. मर्यादा जवळ आली की चिप आपला वेग उतरवते, तरीही भागलं नाही तर मशीन बंद करते. त्यामुळे लॅपटॉप तापून प्रोसेसर जळाला असं आता सहसा घडत नाही, आणि स्क्रीनवर ९० चा आकडा पाहून धास्तावणाऱ्याला मीही घाबरू नका असंच सांगेन. पण आक्षेप इथेच थांबतो. चिप वाचते ती वेग सोडून देऊन. ज्या वेगाचे आपण पैसे मोजले तो ऐन गरजेच्या वेळी मिळत नाही, आणि ‘लॅपटॉप जुना झाला’ म्हणून जे नवीन घ्यायला निघतात त्यांच्यातल्या काहींचा लॅपटॉप जुना नसतो, तुंबलेला असतो. दुसरं म्हणजे चिप एकटी राहत नाही. तिची जोडणी, तिच्या शेजारचे भाग सारखे तापतात आणि निवतात, फुगतात आणि आकसतात. २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या आपल्या काही ग्राफिक्स चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत असल्याचं मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. दोष होता तो चिप आणि तिची बैठक यांच्यातल्या साहित्यात, जे ही रोजची ओढाताण सोसू शकलं नाही. आणि तिसरी, सगळ्यात नाजूक शेजारीण म्हणजे बॅटरी. चिपला १०० अंश चालतात म्हणून बॅटरीला ५० चालतील, असं नाही.

लिथियम-आयन बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली तर तिची किती क्षमता उरते, याचे अंदाज या क्षेत्रात सर्रास दिले जातात. २५ अंशांत आणि ४० टक्के चार्जवर ठेवली तर ९६ टक्के उरते. ४० अंशांत, पूर्ण चार्ज करून ठेवली तर ६५ टक्के. उष्णता एकटी वाईट, पूर्ण भरलेपण एकटं वाईट, आणि दोन्ही एकत्र आली की बॅटरीची दशा होते. आता आपल्या सवयीकडे पाहा. घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जरला लावलेला, बॅटरी सतत १०० टक्के, आणि शेजारी चिप तापलेली. बॅटरी झिजवायला याहून चांगली व्यवस्था मुद्दाम करूनही जमणार नाही. बऱ्याच लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. टेबलावरच बसून काम असेल तर ती लावून टाकावी. अशी बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि लॅपटॉपमधलं नियंत्रणही तो पाळतं. मे महिन्याच्या दुपारी ‘चार्जरला लावलाय पण चार्ज होत नाही’ ही तक्रार येते तेव्हा चार्जर बदलायच्या आधी लॅपटॉप तासभर निवू द्यावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये. झाकण मिटवून लगेच बॅगेत कोंबू नये. झाकण मिटलेला लॅपटॉप पुष्कळदा पूर्ण झोपलेला नसतो, आतल्या आत अपडेट घेत राहतो आणि बॅगेत भट्टी होते. न्यायचा असेल तर पूर्ण बंद करून न्यावा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेनासं झालं किंवा तळ टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे असं समजून वापर तिथेच थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जला लावू नये; पेट घेण्याचा धोका खरा असतो. ती बदलून घ्यावी आणि जुनी ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी, घंटागाडीत टाकू नये.

आता शेवटच्या दाराकडे, म्हणजे खोलीकडे. माझ्या मते महाराष्ट्रात याच दाराचा सर्वांत कमी विचार होतो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात, कुणी वाचत नाही अशा ओळींत, तो किती तापमानाच्या हवेत वापरायचा ते दिलेलं असतं. अॅपलच्या लॅपटॉपांसाठी ती वरची मर्यादा ३५ अंश आहे. इतरांचीही साधारण ३५ ते ४० च्या घरात असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव इथे मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ ला जाणं नवलाचं नाही. म्हणजे तिथे चौथ्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली अभ्यास करणाऱ्या मुलीचा लॅपटॉप महिना-दीड महिना रोज आपल्या नेमलेल्या मर्यादेबाहेर चालतो. उष्णता किती वेगाने जाईल हे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जाळी ६५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक ४०. खोली ४४ वर गेली की तोच २१, जेमतेम निम्मा. तेवढीच उष्णता काढायला पंख्याला जवळजवळ दुप्पट हवा फेकावी लागेल, आणि त्याची ती ताकद नसते. अशा वेळी छताच्या पंख्याचा उपयोग होतो का, असं विचारलं जातं. पंखा हवा गार करत नाही, फिरवतो. आपल्याला त्याखाली गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून; लॅपटॉपला घाम येत नाही. तरीही तो उपयोगी पडतो, कारण लॅपटॉपचं अंग ५० अंशांवर असलं तर ४४ ची हवाही त्याच्यापेक्षा गारच, आणि त्याच्याभोवती साचलेली, त्यानेच सोडलेली गरम हवा पंखा उडवून लावतो. कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान चांगलं उतरवतो, म्हणून विदर्भात तो लॅपटॉपलाही उपकारक ठरतो. हवेतल्या ओलीची भीती वाटते ती इथे अनाठायी, कारण आजूबाजूच्या हवेहून गरम असलेल्या वस्तूवर दव धरत नाही. फक्त कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नये, कारण तिथे पाण्याचे बारीक तुषार उडतात. बर्फाची पिशवी, फ्रीज, ओला फडका हे उपाय मात्र घातक आहेत. गार पडलेल्या लॅपटॉपवर, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, बाहेर काढताच आतून-बाहेरून पाणी सुटतं.

मग पंखेवाल्या कूलिंग पॅडचं काय? ते निरुपयोगी आहे असं नाही. लॅपटॉपची भोकं आणि पॅडचे पंखे एकमेकांसमोर येत असतील तर तापमान काही अंशांनी उतरतं. पण त्यातला मोठा भाग लॅपटॉप उंच झाल्याचा असतो, आणि ते काम पाट करतोच. आत घोंगडी असेल तर पॅडची हवा तिच्यावर आपटून परत येते. ‘कंपनीनेच मोठा पंखा का दिला नाही’ ही तक्रार जास्त रास्त आहे. १९८५ चा तोशिबाचा लॅपटॉप ४ किलोचा होता. त्याच्या चिपला थंड करायची गरजच नव्हती. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून लॅपटॉप बाहेर काढून दाखवला आणि तेव्हापासून पातळपणा हीच शोभा झाली. पातळ पेटीत पंखा छोटा, जाळी छोटी, आणि छोट्या पंख्याला तीच हवा फेकायला जास्त फिरावं, जास्त ओरडावं लागतं. दुकानात लॅपटॉप घेताना जाडी आणि वजन आपण हातात धरून पाहतो. तो उलटा करून तळाची भोकं किती, हवा बाहेर पडायची जागा बिजागरीत दडलेली आहे की मोकळी, हेही पाहायला हवं. उन्हाळा ज्याच्या गावात ४५ चा असतो, त्याने तर नक्कीच.

सगळी दारं मोकळी करूनही खोली ४२ अंशांवर असेल, तर उरतो तो चूल मंद करण्याचा मार्ग. इथे विजेचं गणित आपल्या बाजूने आहे. चिपची उष्णता तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि तिला द्यावा लागणारा विद्युतदाब मात्र वर्गाने मोजला जातो. वेग २० टक्क्यांनी उतरवला आणि त्यामुळे दाब १५ टक्क्यांनी कमी करता आला, तर उष्णता ४० टक्क्यांहून जास्त घटते. म्हणजे अखेरचा थोडासा वेग फार महाग पडत असतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपांत चिपची जादा वेगाची उसळी बंद होते; टायपिंग, वाचन, हिशेब, ऑनलाइन तास यांत फरक जाणवतही नाही. पैसे पूर्ण वेगाचे मोजले मग तो का सोडायचा, असं कुणी म्हणेल. तो कायमचा सोडायचा नाहीच. शिवाय तापलेली चिप तो वेग तशीही देत नाही. आपण ठरवून थोडा सोडला तर उरलेला दिवसभर एकसारखा मिळतो. टास्क मॅनेजर उघडून कोण किती खातंय ते पाहावं. व्हिडिओ कॉलमध्ये मागची भिंत धूसर करण्याची हौस चिपला चांगलीच राबवते, कारण दर क्षणाला माणूस कुठे आणि भिंत कुठे हे तिला नव्याने शोधावं लागतं. उन्हाळ्यात ती बंद ठेवावी. व्हिडिओ तयार करणं, मोठी अपडेट, बॅकअप ही जड कामं पहाटे लावावीत. उन्हाळ्यात आपल्याकडे शाळा सकाळची भरते. तेच वेळापत्रक लॅपटॉपलाही मानवतं, कारण विदर्भातसुद्धा पहाटेची हवा दुपारपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार असते.

सफाई वर्षातून एकदा, मार्चच्या आत करून घ्यावी. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सेवाकेंद्रातच. एरवी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला नुसतं ‘सर्व्हिसिंग करा’ न म्हणता, पंखा काढून जाळीच्या आतलं तोंड साफ करा आणि तीन वर्षं झाली असतील तर पेस्टही बदला, असं नेमकं सांगावं, आणि शक्य असेल तर समोर उभं राहून ती घोंगडी निघताना पाहावी. स्वतः उघडणाऱ्याने आधी चार्जर काढून लॅपटॉप पूर्ण बंद करावा, आत पोचल्यावर पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. हवेच्या झोताने मोकळा पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नये, त्याच्या नळीवर साचणारी स्थिर वीज सर्किटला बाधते. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून नवी मटाराच्या दाण्याहून कमीच लावावी. जास्त लावली तर तीच अडथळा होते. सफाईनंतर लॅपटॉप घरी आणून चालू केला की काही जण घाबरून परत फोन करतात : हवा पूर्वीपेक्षा जोरात येतेय आणि गरमही आहे, काहीतरी बिघडवलंत. आधी जी धग चिपपाशी, कीबोर्डखाली आणि बॅटरीच्या अंगाला साचत होती, ती आता जाळीतून बाहेर पडते आहे. हात जाळीपाशी धरला तर तळव्याला ऊन झोत लागतो, आणि तोच हात कीबोर्डवर ठेवला तर तिथला पत्रा निवलेला असतो.